कृष्णा देसाई ते भागवत जाधव : चौकशी नेमकी कुठे थांबते?

मागच्या महिन्यात दारव्ह्यात आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने सरळ प्रश्न केला, "दादा, कम्युनिस्टांना कुणी मारलं, त्यांची ऑफिसं कुणी फोडली, याच्याशी आपल्याला काय घेणं? बाबासाहेबांना 1952 ला पाडायला हेच तर होते ना?"

प्रश्न खोटा नाही. 1952 च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेबांचा पराभव झाला आणि त्यात डांग्यांच्या पक्षाने मते कुजवण्याचा प्रचार केला, हा आपल्या समाजाच्या काळजात रुतलेला काटा आहे. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी त्याविरुद्ध निवडणूक अर्जही दाखल केला होता. त्या मुलाला मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले, पण माझेच समाधान झाले नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात एका तारखेपासून करतो. 30 ऑक्टोबर 1966.

त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी पहाटे धाडी घालून 'मिनिटमेन' नावाच्या संघटनेच्या सुमारे वीस जणांना पकडले. त्यांच्याकडे बंदुका, काडतुसे, बॉम्बचे साहित्य सापडले. आरोप असा होता की डाव्या आणि शांततावादी लोकांच्या उन्हाळी शिबिरांवर हल्ला करण्याचा त्यांचा बेत होता. ही मिनिटमेन म्हणजे मिसुरी राज्यातल्या नॉरबोर्न या लहानशा गावातल्या रॉबर्ट डीप्यू या औषध व्यावसायिकाने 1960 च्या सुमारास उभी केलेली खाजगी फौज. नाव घेतले अमेरिकन क्रांतीतल्या त्या शेतकरी सैनिकांचे, जे म्हणे एका मिनिटात बंदूक घेऊन तयार होत. अमेरिका आतून कम्युनिस्टांनी पोखरली आहे, सरकारही त्यांच्या ताब्यात जाणार आहे, तेव्हा खऱ्या देशभक्तांनी हत्यारे गोळा करून तयार राहावे, हे त्याचे तत्त्वज्ञान. सदस्यांचा आकडा तो नेहमी फुगवून सांगे. पण हत्यारे खरी होती.

आणि त्याच दिवशी, 30 ऑक्टोबर 1966 ला, मुंबईत शिवाजी पार्कवर शिवसेनेचा पहिला जाहीर मेळावा भरला. संघटना त्याच वर्षी 19 जूनला स्थापन झाली होती. व्यासपीठावर प्रबोधनकार होते, काँग्रेसचे रामराव आदिक होते. मेळावा संपल्यावर घरी परतणाऱ्या गर्दीतून दाक्षिणात्यांच्या हॉटेलांवर दगड गेले.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. शिवसेना ही मिनिटमेनसारखी बंदूकधारी टोळी नव्हती. ती उघड्यावर काम करणारी, मराठी तरुणाच्या बेकारीचा खरा प्रश्न हातात घेतलेली संघटना होती आणि तो प्रश्न खरा होता म्हणूनच ती वाढली. पण दोन्हीकडे 'देशाचा आतला शत्रू' म्हणून एकच माणूस उभा केला गेला, लाल झेंडेवाला. मग त्याच्याविरुद्ध हिंसा झाली तेव्हा राज्ययंत्रणा कशी वागली, कोणाची चौकशी झाली आणि कोणाची झाली नाही, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही.

गिरणगाव त्या काळी लाल होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डांगे, अत्रे, एसेम यांच्यासोबत आपला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होता, दादासाहेब गायकवाड होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक चाळीचाळीत फिरत होते. अण्णाभाऊ मातंग समाजातले, आणि पक्के कम्युनिस्ट. आज त्यांच्या जयंतीच्या मिरवणुका काढणारे कितीजण ही दुसरी गोष्ट सांगतात? 1967 च्या लोकसभेत डांगे मुंबईतून निवडून आले. त्याच वर्षी परळमधून कृष्णा देसाई आमदार झाले.

हा लाल बालेकिल्ला फोडायची गरज कोणाला होती? गिरणीमालकांना होती, आणि सत्ताधारी काँग्रेसलाही होती. त्यावेळी मुख्यमंत्री कोण होते हे आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक, 1963 ते 1975. 1 जुलैला त्यांच्या जयंतीला आपण कृषिदिन पाळतो, आणि 1972 च्या दुष्काळात त्यांच्या सरकारने जे रोजगार हमीचे काम उभे केले त्याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. पण त्याच काळात मुंबईचे विरोधक शिवसेनेला 'वसंतसेना' म्हणत. हे नाव उगाच पडले नव्हते. कम्युनिस्ट युनियनच्या विरोधात सेना उभी राहते आहे, तर राहू द्या, असे सरकारचे धोरण आहे हे तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी, विरोधी आमदारांनी आणि पुढे अभ्यासकांनीही वारंवार मांडले आहे. यवतमाळच्या माणसाने आपल्या नेत्याचा अभिमान बाळगताना हे प्रकरण गाळून टाकू नये, एवढेच माझे म्हणणे.

डिसेंबर 1967 मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कम्युनिस्टांच्या कार्यालयावर हल्ला झाला. गिरणी कामगार युनियनचा कारभार तिथून चाले. सामान फोडले, कागदपत्रे फेकली. ज्यांनी युनियनचे दप्तर कधी पाहिले आहे त्यांना कळेल की कामगारांच्या दाव्यांच्या फाइली रस्त्यावर पडणे म्हणजे काय. शेकडो माणसांचे थकलेले पगार आणि नोकरीचे पुरावे त्यात असतात. पुढच्या वर्षी सेनेची स्वतःची युनियन निघाली, भारतीय कामगार सेना. त्याच 1968 साली महापालिकेत सेनेचे 42 नगरसेवक निवडून आले, आणि युती कोणाशी होती? प्रजा समाजवादी पक्षाशी. समाजवादी मंडळींना कम्युनिस्टांचा इतका राग होता की ते कोणाच्या मांडीला मांडी लावून बसले आहेत याचे त्यांना भान राहिले नाही. पुरोगाम्यांच्या आपसातल्या भांडणाचा फायदा कोण घेतो, याचा हा जुना दाखला आहे.

मग 5 जून 1970. लालबागमध्ये रात्रीच्या अंधारात आमदार कृष्णा देसाई यांना भोसकून ठार मारण्यात आले. स्वतंत्र महाराष्ट्रातल्या राजकीय खुनांच्या यादीत हे नाव अगदी वर आहे, तरी आजच्या तरुणाला ते माहीत नसते. देसाई हे काही गांधीवादी नव्हते. रांगडा, अंगावर येणाऱ्याला शिंगावर घेणारा, वस्तीत दबदबा असलेला माणूस. सेनेकडे वळणारी पोरे तो आपल्याकडे खेचत होता. म्हणूनच तो नकोसा झाला होता.

पोलिसांनी तपास केला, शिवसेनेशी संबंध असलेल्या तरुणांना पकडले, खटला चालला, शिक्षाही झाल्या. म्हणजे कायद्याने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. पण खटला चालला तो खुनाचा. चाकू कोणाच्या हातात होता, एवढ्यापुरता. ही पोरे कोणत्या भाषणांवर वाढली, त्यांना कम्युनिस्ट म्हणजे मारण्याजोगा प्राणी असे कोणी शिकवले, वर्षानुवर्षे हल्ले होत असताना पोलीस ठाणी गप्प का राहिली, हे प्रश्न कोर्टाच्या कक्षेत आलेच नाहीत. तुरुंगात गेली ती चाळीतली, बेकार, मराठी, बहुतेक बहुजन घरची पोरे.

ऑक्टोबर 1970 मध्ये त्या जागेची पोटनिवडणूक झाली. कृष्णा देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या. समोर सेनेचे वामनराव महाडिक. महाडिक 1679 मतांनी निवडून आले. शिवसेनेचा विधानसभेतला पहिला आमदार असा, खून झालेल्या आमदाराच्या रिकाम्या जागेवर, त्याच्या विधवेला हरवून आला. नंतर कोणतीही चौकशी करण्याची गरज कोणाला वाटावी? मतपेटीने निकाल दिला होता, असे म्हणायला मोकळे.

आता आपला संबंध.

1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली. नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे, जी ऑक्टोबर 1966 मध्येच कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये स्थापन झाली होती. जानेवारी 1974 मध्ये मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे उमेदवार होते तेच रामराव आदिक, जे 1966 च्या मेळाव्याच्या व्यासपीठावर होते. शिवसेनेचा पाठिंबा त्यांनाच. समोर कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, डांग्यांची मुलगी. गावोगावच्या अत्याचारांवर सरकार काही करत नाही म्हणून पँथरने या निवडणुकीवर बहिष्कार जाहीर केला. 5 जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींजवळ पँथरची सभा होती. राजा ढाले, नामदेव ढसाळ होते. सभेवर दगड आले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्याही सभेला आलेल्यांवर. दंगल वरळीतून नायगावपर्यंत पसरली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. त्या बीडीडी चाळींत पोलिसांचीही कुटुंबे राहत होती, हे लक्षात ठेवा. कोणाच्या गॅलरीतून दगड येतो आणि खाली कोण उभा आहे, हे सगळे एकाच आवारात.

10 जानेवारीला पँथरने निषेध मोर्चा काढला. मोर्चावर इमारतीच्या वरून दगडी पाटा टाकण्यात आला आणि भागवत जाधव जागीच कोसळला. पँथरचा पहिला शहीद. त्याच दंगलीत रमेश देवरुखकर मारला गेला. दरवर्षी 10 जानेवारीला आपण भागवत जाधवला अभिवादन करतो. पण 1967 ला दळवी बिल्डिंगवर जी गर्दी चालून गेली आणि 1974 ला वरळीत जी गर्दी आपल्यावर आली, ती एकाच कारखान्यात तयार झाली होती, हे आपण कधी सांगतो का? सात वर्षांत गिरणगावात एक सवय रुजली होती. वेगळा झेंडा दिसला की फोडा, पोलीस बघून घेतील. ती सवय लाल झेंड्यावर घोटवून घेतली गेली आणि निळ्या झेंड्यावर वापरली गेली. त्या मुलाला मी हे सांगायला हवे होते.

(पोटनिवडणूक रोझा देशपांडे यांनी जिंकली. आदिक पडले. हेही एक उत्तरच होते, पण भागवत त्याला पाहायला नव्हता.)

वरळी-नायगावच्या दंगलीसाठी मात्र सरकारला न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवालही आला. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी तो पाहिला आहे? मी स्वतः तो पूर्ण वाचलेला नाही हे कबूल करतो. सरकारी चौकशी आयोगांचे अहवाल हे असेच असतात. ते बंधनकारक नसतात, त्यावरून कोणावर गुन्हा दाखल करायचा की नाही हे सरकार ठरवते, आणि सरकार तर पुष्कळदा त्या प्रकरणातला पक्षकारच असते. भिवंडी-जळगावच्या 1970 च्या दंगलींवर न्यायमूर्ती मादन यांनी कष्टाने, निर्भीड अहवाल लिहिला, दंगल आपोआप पेटली नव्हती, तिची संघटित तयारी झाली होती आणि पोलीस पक्षपाती वागले हे दाखवले. काय झाले त्याचे? मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोग तर जानेवारी 1996 मध्ये युती सरकारने चक्क गुंडाळूनच टाकला होता. ज्यांची चौकशी चालू होती त्यांच्याच सरकारने चौकशी बंद केली. पुढे मे महिन्यात तो पुन्हा सुरू करावा लागला आणि 16 फेब्रुवारी 1998 ला अहवाल सादर झाला. त्यात शिवसेनेवर आणि सेनाप्रमुखांवर स्पष्ट ठपका होता. सरकारने तो फेटाळला.

आता पुन्हा अमेरिकेकडे जाऊ, कारण आपल्याकडे 'तिकडे कायद्याचं राज्य असतं' असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

डीप्यूला शेवटी शिक्षा झाली, पण ती हत्यारांच्या कायद्याखाली. 1968 मध्ये तो फरार झाला, 1969 मध्ये न्यू मेक्सिकोत सापडला, 1973 पर्यंत सुटूनही आला. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने 1965 मध्ये खाजगी फौजांवर एक अहवाल काढला होता. त्यात मिनिटमेन होते, नाझी होते, आणि त्याच यादीत ब्लॅक मुस्लिमही घातले होते. अत्याचार करणारा आणि अत्याचाराविरुद्ध संघटित होणारा एकाच पोत्यात. 1967 मध्ये ब्लॅक पँथरचे तरुण बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले, आणि बघता बघता भर रस्त्यात भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. गव्हर्नर रेगन यांनी सही केली. मिनिटमेन कित्येक वर्षे शस्त्रे साठवत होते तेव्हा ही घाई कुठे होती? 4 डिसेंबर 1969 ला शिकागोत फ्रेड हॅम्पटन हा एकवीस वर्षांचा पँथर नेता पोलिसांनी पहाटे त्याच्या बिछान्यात मारला. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवला होता.

आणि ग्रीन्सबरो. 3 नोव्हेंबर 1979, नॉर्थ कॅरोलिना राज्य. कापड गिरण्यांत काळ्या आणि गोऱ्या कामगारांची एकत्र युनियन बांधणाऱ्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी कू क्लक्स क्लानच्या विरोधात मोर्चा ठेवला होता. क्लान आणि नाझींच्या गाड्या आल्या, बंदुका काढल्या, पाच माणसे मारली. दूरचित्रवाणीचे कॅमेरे चालू होते. पोलीस तिथे नव्हते, जरी त्या गाड्यांच्या ताफ्यात पोलिसांचा स्वतःचा खबऱ्या होता. दोन फौजदारी खटले झाले. दोन्ही वेळा ज्युरी संपूर्ण गोरी, दोन्ही वेळा आरोपी निर्दोष. 1985 मध्ये दिवाणी दाव्यात मात्र क्लानवाले, नाझी आणि पोलीस अधिकारी एका मृत्यूसाठी संयुक्तपणे जबाबदार ठरले आणि शहराने भरपाई दिली, सुमारे साडेतीन लाख डॉलर. त्यानंतर वाचलेल्यांनी आणि गावकऱ्यांनी स्वतःचा सत्यशोधन आयोग उभा केला, 2006 मध्ये त्याचा अहवाल आला, आणि 2020 मध्ये शहराच्या कौन्सिलने अधिकृत माफी मागितली. एक्केचाळीस वर्षांनी. गिरणी, युनियन, रंगाने विभागलेले कामगार, बघ्याच्या भूमिकेतले पोलीस. परळचा माणूस हे वाचून चकित होणार नाही.

फरक एवढाच की ग्रीन्सबरोच्या लोकांनी सरकारच्या आयोगाची वाट पाहिली नाही. कृष्णा देसाईंच्या बाबतीत, भागवत जाधवच्या बाबतीत, आपण तसे काही केले का? उलट 2011 मध्ये शिवशक्ती-भीमशक्ती म्हणून हातात हात घालून फोटो काढले. मला व्यक्तिशः युतीचे वावडे नाही, राजकारणात बाबासाहेबांनीही युत्या केल्या. पण निदान भागवतच्या खुनाचा हिशेब टेबलावर ठेवून तरी बसायचे होते.

राहिला बाबासाहेब आणि कम्युनिस्टांचा प्रश्न. बाबासाहेबांची टीका ठाम होती. गिरणीच्या विणखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नाही, धागा तोंडाने जोडावा लागतो म्हणून, आणि लाल युनियन त्यावर बोलत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितले. काठमांडूत नोव्हेंबर 1956 मध्ये बुद्ध की मार्क्स याचा निवाडाही केला. हिंसा आणि हुकूमशाही त्यांना मान्य नव्हती. पण 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध जो संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र रस्त्यावर होते. मतभेद सभेत मांडायचा असतो आणि हक्कासाठी एकत्र यायचे असते, हे त्यांनी करून दाखवले. विरोधकाचे ऑफिस जाळा, असे बाबासाहेबांचे एक वाक्य कोणी मला दाखवावे. कोणी म्हणेल, आपलेही समता सैनिक दल होते. होते. सभेला संरक्षण द्यायला, महाड-नाशिकला मार खाणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभे राहायला. दुसऱ्याची सभा उधळायला नव्हे.

हे सगळे जुने झाले असे वाटत असेल तर 16 फेब्रुवारी 2015 आठवा. कोल्हापुरात सकाळी फिरून येणाऱ्या कॉ. गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या, 20 तारखेला पानसरे गेले. खरा शिवाजी रयतेला सांगणारा कम्युनिस्ट. विशेष तपास पथक झाले, 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तपास एटीएसकडे दिला. डॉ. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल 10 मे 2024 ला लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष, आणि सूत्रधारापर्यंत तपास यंत्रणा पोहोचल्या नाहीत हे न्यायालयालाच म्हणावे लागले. 1970 ला लालबागमध्ये चौकशी जिथे थांबली, नेमकी तिथेच.

दुसरीकडे बघा. आपल्याच जिल्ह्यातल्या राजूरचा, वणी तालुक्यातला मुलगा, बाबासाहेबांचा नातजावई, प्रा. आनंद तेलतुंबडे. जात आणि वर्ग यांवर आयुष्यभर लिहिलेला माणूस. त्यांना 14 एप्रिल 2020 ला, भीमजयंतीच्या दिवशी, यूएपीएखाली एनआयएपुढे हजर व्हावे लागले. जामीन मिळायला नोव्हेंबर 2022 उजाडला. त्यांच्या बाबतीत तपास हातापाशी थांबला नाही. पुस्तके, पत्रे, संगणक, विचार, सगळ्यांची चौकशी झाली.

आणि जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. हेतू सांगितला गेला तो कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्याचा. कडव्या उजव्यांचा त्यात उल्लेख नाही. संघटनाच बेकायदा ठरवता येईल, तिच्या बैठकीला जागा देणाराही अडकेल, अशी त्याची रचना आहे. लालबाग, वरळी, कोल्हापूर या तीनही ठिकाणी मेलेला माणूस कोण होता आणि मारणारा कोणत्या बाजूचा होता, हे वर लिहिलेच आहे.

पुढच्या रविवारी अभ्यासवर्गात भस्मे आयोग हा विषय ठेवला आहे. ज्यांच्याकडे त्या अहवालाची प्रत किंवा जानेवारी 1974 ची वर्तमानपत्रांची कात्रणे असतील त्यांनी झेरॉक्स काढून द्यावी, खर्च मी देईन. तो प्रश्न विचारणारा मुलगाच पहिली पाने वाचणार आहे.

जयभीम.